वाचकांचे प्रश्न : छोट्या अ‍ॅपला जाहिरात लावावी की किंमत?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयावरची आहेत. तिन्ही पत्रलेखकांनी कोणत्याही कंपनीच्या पाठबळाशिवाय, आपापला व्यवसाय सांभाळून एकेक अ‍ॅप तयार केले आहे आणि आता त्यातून खर्च भागेल इतके तरी उत्पन्न कसे मिळवावे, या विचारात ते आहेत. त्यांची अ‍ॅप्स मात्र एकमेकांपासून इतकी भिन्न आहेत की एकाला दिलेला सल्ला दुसऱ्याला अपायकारक ठरेल, म्हणून उत्तरे स्वतंत्रपणे देत आहे.

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात राहतो. नोकरी संगणक क्षेत्रातली आहे, पण घरची द्राक्षबाग असल्याने फवारणीच्या नोंदींचा त्रास लहानपणापासून पाहत आलो आहे. कोणत्या प्लॉटवर कोणते औषध, किती मात्रेने, कोणत्या तारखेला मारले आणि त्यानंतर किती दिवस काढणी करता येणार नाही, याची नोंद ठेवणारे अ‍ॅप मी बनवले. ते प्ले स्टोअरवर मोफत आहे आणि हंगामात सुमारे चारशे बागायतदार ते रोज उघडतात. मित्र म्हणतात की जाहिराती लाव, कारण शेतकरी अ‍ॅपसाठी पैसे देणार नाही. काही जण म्हणतात की सरळ डाउनलोडलाच किंमत लाव. आपले मत काय?

उत्तर : तुमच्या अ‍ॅपला जाहिराती लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. डाउनलोडला किंमत लावण्याचा दुसरा सल्लाही आता उपयोगाचा नाही, कारण प्ले स्टोअरवर एकदा मोफत म्हणून उपलब्ध केलेले अ‍ॅप पुढे सशुल्क करता येत नाही. त्यासाठी नव्या पॅकेज नावाने, म्हणजे स्टोअरवरच्या नव्या ओळखीने, वेगळे अ‍ॅप चढवावे लागते आणि जुने वापरकर्ते व त्यांचे अभिप्राय मागेच राहतात. तुमच्यासाठी योग्य मार्ग आहे तो अ‍ॅप मोफत ठेवून त्यातील काही सुविधांना हंगामी वर्गणी लावण्याचा.

जाहिरातीचे उत्पन्न माणूस अ‍ॅपमध्ये किती वेळ रेंगाळतो यावर अवलंबून असते, आणि तुमच्या अ‍ॅपचे मोल नेमके त्याच्या उलट गोष्टीत आहे. पहाटे फवारणीचा ब्लोअर बंद करून बांधावर उभा असलेला बागायतदार फोन काढतो, अर्ध्या मिनिटात नोंद करतो आणि कामाला लागतो. जितक्या लवकर त्याचे काम होईल तितके तुमचे अ‍ॅप चांगले. जाहिराती लावल्यास उत्पन्न वाढवण्यासाठी तुम्हाला त्याला थोपवून धरावे लागेल, एका पडद्यावर मावणारी नोंद तीन पडद्यांवर पसरवावीशी वाटेल, म्हणजे जे चांगले केले आहे तेच बिघडवण्यात तुमचे आर्थिक हित गुंतेल. शिवाय बागेत अनेकदा नेटवर्क नसते, आणि नेटवर्क नसताना जाहिरात उतरतच नाही.

तरीही आकडे मांडून पाहू. रोजच्या चारशे वापरकर्त्यांपैकी प्रत्येकाला दिवसातून तीन जाहिराती दिसतात आणि हजार जाहिरातींमागे तुम्हाला तीस रुपये मिळतात, असे समजा. हा दर केवळ हिशेबासाठी धरला आहे; तो देश, हंगाम आणि जाहिरातीच्या प्रकारानुसार बदलतो, आणि भारतीय वापरकर्त्यांसाठी तो अमेरिकेच्या मानाने बराच कमी असतो. या हिशेबाने दिवसाला ३६ रुपये आणि महिन्याला साधारण १,१०० रुपये होतात. ऑक्टोबर छाटणीपासून मार्चपर्यंतचे सहा महिने धरले, तर संपूर्ण हंगामात साडेसहा हजारांच्या आसपास रक्कम जमते. गूगलच्या अ‍ॅडमोब या जाहिराती पुरवणाऱ्या सेवेत १०० डॉलर जमा झाल्याशिवाय पैसे बँकेत पाठवले जात नाहीत, म्हणजे साडेआठ हजार रुपयांच्या पुढे मजल जावी लागते. पहिला हंगाम संपेपर्यंत तुमच्या खात्यात एक रुपयाही आलेला नसेल.

आता त्याच चारशेपैकी केवळ चाळीस जणांनी हंगामाचे पाचशे रुपये दिले असे धरा. वीस हजार रुपये होतात. गूगल १ जुलै २०२१ पासून अ‍ॅप बनवणाऱ्याच्या, म्हणजे विकासकाच्या, वर्षातील पहिल्या १० लाख डॉलरपर्यंतच्या कमाईवर १५ टक्के शुल्क घेते. ते वजा जाता सतरा हजार रुपये उरतात. नव्वद टक्के लोकांनी पैसे दिले नाहीत, तरी ही रक्कम जाहिरातींच्या अडीचपटीहून अधिक आहे. शेतकरी पैसे देणार नाही, हे तुमच्या मित्रांचे विधान मला तपासून घ्यावेसे वाटते. फवारणीवर एकरी हजारो रुपये खर्च करणारा बागायतदार पाचशे रुपयांना घाबरत नाही; त्या पाचशेत माल नाकारला जाण्याचा धोका कमी होतो की नाही, एवढेच तो पाहतो. निर्यातीची बाग अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत नोंदवलेली असते, युरोपात जाणाऱ्या मालात औषधांच्या उर्वरित अंशाची कमाल मर्यादा पाळावी लागते, आणि निर्यातदार फवारणीची वही मागतो. तुमचे अ‍ॅप ही वही नीट ठेवत असेल तर त्याला किंमत आहे, आणि ती मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

जाहिरातींना माझा विरोध असण्याचे याहून मोठे कारण वेगळे आहे. शेतीविषयक अ‍ॅपमध्ये जाहिरात जाळे कोणत्या जाहिराती आणून बसवेल? कीटकनाशकांच्या, बुरशीनाशकांच्या, वाढ संजीवकांच्या, आणि त्यासोबत झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सच्या. डावणी हा द्राक्षावरचा रोग आटोक्यात येत नाही म्हणून हवालदिल झालेला बागायतदार ज्या क्षणी पुढची फवारणी ठरवत आहे, त्याच क्षणी त्याच्या नोंदवहीत एखाद्या औषधाचे नाव झळकले, तर ती शिफारस तुम्हीच केली असा त्याचा समज होईल. ते औषध मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीत नसले, तर नुकसान त्याचे आणि विश्वास गेला तो तुमचा. अ‍ॅडमोबमध्ये काही वर्ग आणि काही जाहिरातदार रोखता येतात हे खरे, पण पुढच्या क्षणी कोणाच्या फोनवर काय दिसणार हे तुम्हाला आधी कळत नाही. आपल्या दिवाळी अंकांचा खर्चही किंमत आणि जाहिरात या दोहोंवर चालतो, मात्र तिथे प्रत्येक जाहिरात संपादकाच्या नजरेखालून गेलेली असते आणि नको ती परत पाठवता येते. तुम्हाला जाहिरात हवीच असेल, तर ठिबक संच, शीतगृह किंवा रोपवाटिका अशा औषधांशी संबंध नसलेल्या एखाद्या स्थानिक व्यावसायिकाशी थेट बोलून, त्याचे नाव ‘प्रायोजक’ असे स्पष्ट लिहून, हंगामभर एकाच जागी ठेवता येईल. ते मला चालण्यासारखे वाटते.

पैसे कशाचे घ्यावेत हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, परंतु माझ्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. काढणीपूर्व प्रतीक्षा काळ संपलेला नाही ही सूचना कधीही पैशांच्या आड ठेवू नका. ती खाणाऱ्याच्या आरोग्याशी निगडित आहे आणि ज्याने पैसे दिले नाहीत त्यालाही ती मिळालीच पाहिजे. एका प्लॉटच्या नोंदीही मोफत असू द्या. एकाहून अधिक प्लॉट, निर्यातदाराला हव्या त्या स्वरूपातला पीडीएफ अहवाल, मालक आणि मजूर यांच्या फोनवर एकच वही दिसण्याची सोय, औषधांच्या खर्चाचा प्लॉटनिहाय ताळा, या गोष्टींसाठी वर्गणी घ्यावी, कारण त्यांची गरज मोठ्या बागायतदाराला असते आणि देण्याची ऐपतही त्याचीच असते. वर्गणी संपल्यावर जुन्या नोंदी बंद करू नयेत. त्या शेतकऱ्याच्या आहेत, आणि मालाविषयी विचारणा काढणीनंतर काही महिन्यांनीही होऊ शकते. नवी भर घालण्याची सोय थांबवा, पण वाचण्याची आणि उतरवून घेण्याची सोय कायम ठेवा.

वर्गणी आपोआप नूतनीकरण होणारी नसावी, असे मी सुचवेन. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा वळत्या होणाऱ्या रकमेसाठी ग्राहकाची आधी नोंदवलेली संमती लागते आणि पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी त्याला सूचना द्यावी लागते. ही व्यवस्था ग्राहकाच्या हिताची आहे, पण वर्षातून सहाच महिने वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅपला तिची गरज नाही. प्ले स्टोअरवर २०२२पासून प्रीपेड योजनेची सोय आहे. ठरावीक मुदतीचे पैसे एकदा भरायचे, मुदत संपली की योजना आपोआप थांबते, आणि यूपीआयने पैसे देता येतात. हंगामाशी जुळणारे हेच स्वरूप आहे.

बदल जाहीर करण्याची वेळही जपून निवडा. फवारण्यांच्या ऐन धांदलीत, डिसेंबरमध्ये, अचानक पैसे मागणे म्हणजे अडवणूक होईल. आज जे चारशे जण आहेत त्यांना चालू हंगाम पूर्ण मोफत द्यावा, पुढच्या हंगामाची वर्गणी काढणी संपताना, म्हणजे मालाचे पैसे हातात आलेले असताना, थोड्या सवलतीने घेता येईल असे ठेवावे, आणि राहिलेल्यांना ऑक्टोबर छाटणीपूर्वी आठवण करावी. छाटणीच्या वेळी बागायतदाराच्या खिशातून पैसा बाहेर जात असतो, हे घरच्या बागेमुळे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी, एक पुण्यात आणि एक न्यू जर्सीत. दोघींनी मिळून मराठी शब्दकोड्यांचा खेळ तयार केला असून तो अँड्रॉइडवर मोफत आहे. खेळणाऱ्यांत भारताबरोबरच अमेरिका, ब्रिटन आणि आखाती देशांतले मराठी लोक पुष्कळ आहेत. पडद्याच्या तळाशी बॅनर जाहिरात ठेवली आहे, पण उत्पन्न नगण्य आहे. ते वाढावे म्हणून नातेवाइकांना रोज एकदा जाहिरातीवर बोट दाबायला सांगितले आहे. जाहिराती काढून किंमत लावावी का?

उत्तर : सर्वप्रथम नातेवाइकांना आजच थांबवा. स्वतःच्या जाहिरातींवर स्वतः क्लिक करणे किंवा दुसऱ्यांना करायला सांगणे अ‍ॅडमोबच्या नियमांत निषिद्ध आहे. असे क्लिक अवैध धरले जातात, त्यांचे पैसे मिळत नाहीत आणि खाते बंदही होऊ शकते. तुमच्या स्वतःच्या फोनवर अ‍ॅप तपासतानाही चाचणीसाठी दिलेल्या जाहिरातीच वापराव्यात.

तुमच्या बाबतीत मात्र जाहिराती काढण्याचा सल्ला मी देणार नाही. कोडे सोडवणारा माणूस निवांत बसलेला असतो, एक सुटले की दुसरे घेतो, आणि त्याचा वेळ हाच तुमच्या उत्पन्नाचा आधार होऊ शकतो. चुकली आहे ती जाहिरातीची जागा. तळाशी अक्षरांच्या चौकटी आणि त्यांना लागून बॅनर अशी तुमची मांडणी असणार असा माझा अंदाज आहे, कारण मराठीत स्वर, व्यंजने आणि काना-मात्रा यांच्या कळा मिळून पडद्याचा बराचसा भाग व्यापतात. तिथे बोट चुकून जाहिरातीवर पडते, खेळणाऱ्याची लय तुटते, आणि वारंवार दाबल्या जाणाऱ्या बटणांना खेटून जाहिरात ठेवणे हेही नियमांविरुद्ध आहे. तो बॅनर काढून टाका. कोडे पूर्ण सुटल्यानंतर, तेही दोन-तीन कोड्यांआड एकदा, पडद्याभर जाहिरात दाखवा. ३० सप्टेंबर २०२२ पासून प्ले स्टोअरच्या धोरणानुसार खेळाचा नवा टप्पा सुरू होताना अनपेक्षितपणे अशी जाहिरात आणता येत नाही, आणि १५ सेकंदांनंतरही बंद करता न येणारी जाहिरातही चालत नाही.

सर्वांत चांगला प्रकार म्हणजे रिवॉर्डेड जाहिरात. आडवा चौथा शब्द अडला आहे, एक अक्षर उघडून हवे आहे, तर खेळणारा स्वतःच्या इच्छेने एक जाहिरात पाहील आणि इशारा मिळवील. यात कोणावर काही लादले जात नाही. मात्र इशाऱ्यांची विक्री वाढावी म्हणून कोडी मुद्दाम अवघड करण्याचा मोह होईल, त्यापासून सावध राहा. शब्दकोड्याचा रसिक हे चटकन ओळखतो आणि परत येत नाही.

याच्या जोडीला ‘जाहिराती कायमच्या काढा’ अशी एकरकमी खरेदी ठेवा. प्ले स्टोअरवर देशानुसार वेगळी किंमत ठरवता येते, तेव्हा भारतात ९९ रुपये आणि अमेरिकेत चार-पाच डॉलर असा फरक करण्यात गैर काही नाही. परदेशातल्या मराठी माणसाला स्वभाषेतले कोडे सहजासहजी मिळत नाही, आणि पैसे देऊन शांतपणे खेळायला मिळत असेल तर तो आनंदाने देईल. परदेशी खेळणाऱ्यांमुळे जाहिरातीचा सरासरी दरही तुम्हाला बरा मिळेल. ब्रिटन आणि युरोपातील वापरकर्त्यांना जाहिराती दाखवताना १६ जानेवारी २०२४ पासून गूगलने मान्यता दिलेल्या साधनाद्वारे माहितीच्या वापरासाठी संमती विचारणे आवश्यक झाले आहे, हे तपासून घ्या. ब्रिटनमध्ये खेळणारे आहेत आणि उत्पन्न जवळजवळ नाही, याचे हेही एक कारण असू शकते.

आयफोनवर यायचा विचार असेल, तर गूगलकडे नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरावे लागतात, पण अ‍ॅपलकडे दरवर्षी ९९ डॉलर, हे लक्षात ठेवा. तिथेही लहान विकासकांसाठी १५ टक्क्यांची सवलत १ जानेवारी २०२१ पासून आहे, परंतु त्यासाठी स्वतःहून नाव नोंदवावे लागते. शिवाय एप्रिल २०२१ पासून आयफोनवर वापरकर्त्याचा माग घेण्यापूर्वी त्याला विचारावे लागते, आणि त्याने नकार दिला की जाहिरातीचा दर सहसा उतरतो. म्हणून आयफोनवर मी खरेदीवर अधिक भर दिला असता.

जाहिरातींच्या बळावर छोट्या खेळाने अफाट पैसा मिळवल्याचे फ्लॅपी बर्डचे उदाहरण अजून सांगितले जाते. व्हिएतनाममधील डोंग न्यूयेन यांनी एकट्याने बनवलेल्या त्या खेळाला दिवसाला सुमारे ५० हजार डॉलर मिळत असल्याचे त्यांनी २०१४मध्ये सांगितले होते, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी स्वतःच तो मागे घेतला. ते उत्पन्न कोट्यवधी लोकांच्या गर्दीचे होते. तुमच्याकडे मोजके पण जिव्हाळ्याचे लोक आहेत, आणि अशा वर्तुळात एकरकमी खरेदीची बाजू काळानुसार जाहिरातीपेक्षा जड होत जाईल असे मला वाटते. सहा महिन्यांनी दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून पाहा. करासाठीही या दोन उत्पन्नांच्या नोंदी पहिल्यापासून वेगळ्या ठेवा आणि वर्ष संपण्याआधीच करसल्लागाराला दाखवा.

प्रश्न : मी फोंडा येथे मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. बाराखडी गिरवण्याचे अ‍ॅप केले आहे. पालकांकडून पैसे घेणे मनाला पटत नाही, म्हणून फक्त लहानशी जाहिरात ठेवली तर चालेल का?

उत्तर : ठेवू नये. पालकांकडून पैसे न घेण्यामागची तुमची भावना मला समजते, पण जाहिरात लावली की किंमत मुलाचे लक्ष देऊन चुकवली जाते, आणि पाच वर्षांच्या मुलाला गिरवण्याचे चित्र कोणते आणि विक्रीचे कोणते हे वेगळे करता येत नाही. कायद्याची दिशाही हीच आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील सर्वांना बालक मानले असून, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना उद्देशून लक्ष्यित जाहिरात करणे यांना मनाई केलेली आहे. प्ले स्टोअरचे मुलांच्या अ‍ॅप्ससाठीचे नियमही जाहिरात साधनांवर बंधने घालतात, आणि एकट्या शिक्षिकेने हे सारे सांभाळत बसण्याइतके उत्पन्न त्यातून येणार नाही.

सगळे स्वर आणि ‘क’ ते ‘ङ’ ही पहिली पाच व्यंजने मोफत ठेवा, म्हणजे मूल रमते की नाही हे पालकांना कळेल. उरलेली बाराखडी शंभर-दीडशे रुपयांच्या एकरकमी खरेदीने उघडावी. मासिक वर्गणी नको, कारण मूल काही महिन्यांत बाराखडी शिकून पुढे जाते आणि जायलाच हवे. खरेदीचे बटण मोठ्यांनाच ओलांडता येईल अशा प्रश्नाआड ठेवा. अ‍ॅपलच्या मुलांसाठीच्या विभागात तर ते बंधनकारकच आहे. तुमच्या स्वतःच्या शाळेतील मुलांसाठी अ‍ॅप पूर्णपणे मोफत ठेवायचे असेल, तर प्ले स्टोअरवर विकासकाला प्रोमो कोड तयार करता येतात. ते पालकसभेत वाटता येतील.